नवी डिस्क आणि जुना आवाज

शाळेंत गणित शिकवितांना मी मुलांस नेहमीं सांगत असें कीं, उत्तर चुकलें म्हणजे आधीं उदाहरण पुन्हा वाचा. पुस्तकांतलें उत्तरच चूक आहे असें एकदम ठरवूं नका. साठी उलटल्यावर हा उपदेश माझ्याच कामीं आला, तो संगणकाच्या बाबतींत.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या संगणकाची १ टेराबाइटची जुनी हार्ड डिस्क कुरकुरूं लागली. तिच्यांत एक अमोल ठेव होती. माझ्या मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर होत्या. ती फीत केव्हांच झिजून गेली. आवाज उरला तो या डिस्कमध्यें, आणि त्याची प्रतही एकच. म्हणून मीं ४ टेराबाइटची नवी डिस्क आणून शेजारीं बसविली. पण ती कांहीं केल्या फॉर्मॅट होईना.

अशी कोरी डिस्क जोडली तरी विंडोज तिला इतर ड्राइव्हांच्या पंक्तींत बसवीत नाहीं. त्यासाठीं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावें लागतें. तेथें पहिला प्रश्न येतो : एमबीआर कीं जीपीटी? एमबीआर ही १९८३ सालची पद्धति. तींत डिस्कवरील खणांचे क्रमांक ३२ बिटांत लिहितात. एक खण ५१२ बाइटांचा धरला म्हणजे हा हिशेब २ टेराबाइटांच्या सुमारास संपतो, आणि माझ्यासारख्याची जवळजवळ अर्धी डिस्क फुकट जाते. मोठ्या डिस्कला जीपीटीच निवडावी. मींही तीच निवडली, पार्टिशन केलें. परंतु फॉर्मॅट पूर्ण होऊं शकला नाहीं, असा निरोप पुन्हा पुन्हा येऊं लागला.

मीं संगणक बंद केला, डिस्क दुसऱ्या खाचेंत लावली आणि पुन्हा आरंभ केला. मघांशीं नवी डिस्क क्रमांक १ वर होती, म्हणून १ वरच फॉर्मॅटची आज्ञा देण्यास माझें बोट उचललें. इतक्यांत शेजारीं बसलेली नात ओरडली, "आजोबा, थांबा! ही तर ९३१ ची आहे!"

खाच बदलल्यानें क्रमांक बदलले होते. विकणारे हजाराच्या पटीनें मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीनें मोजते. म्हणून ४ टेराबाइटची डिस्क तेथें ३७२६ गीगाबाइट दिसते आणि १ टेराबाइटची ९३१. हें गणित मला पाठ होतें, पण पडद्यावरचा आंकडा मीं वाचलाच नव्हता. आणखी एक बोट दाबलें असतें, तर आईचा आवाज मीं स्वतःच्या हातानें पुसला असता.

मग मात्र मीं शिस्त धरिली. प्रथम ओव्या एका पेन ड्राइव्हवर उतरविल्या. संगणक बंद करून जुन्या डिस्कच्या तारा काढून ठेविल्या. नंतर नव्या डिस्कची स्मार्ट ही नोंदवही एका लहानशा प्रोग्रामनें उघडली. डिस्कच्या पृष्ठभागावरील खराब खणांची संख्या शून्य होती; मात्र सीआरसी चुकांचा आंकडा प्रत्येक प्रयत्नागणिक वाढत होता. याचा अर्थ कोठार शाबूत आहे, वाट खचली आहे. सात पिनांची ती साटा केबल मीं दोन्ही खाचांना एकच वापरली होती. ती बदलतांच फॉर्मॅट सुरू झाला.

पूर्ण फॉर्मॅटला सेकंदास १५० मेगाबाइटांच्या वेगानें सुमारें साडेसात तास लागतात. तेव्हां आंकडा हलत नाहीं म्हणून घाबरून वीज बंद करूं नये. रात्रीं लावावें आणि निजावें. उलट खराब खणांची संख्याच वाढत असेल, तर झगडत न बसतां मुदतींत डिस्क दुकानदारास परत करावी.

श्रोतेहो, नवी वस्तु बिघडली तर बदलून मिळते. म्हणून क्रम हाच ठेवावा : आधीं जुन्याची प्रत, मग आंकड्याची ओळख, मग केबलची परीक्षा, आणि सर्वांत शेवटीं डिस्कला दोष. आमच्या घरीं आतां त्या ओव्यांच्या तीन प्रती आहेत. त्यांतली एक नातीपाशीं आहे.