दातांमधील फट : कारणे व उपचार



दात दुखेपर्यंत दाताकडे पाहायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणून आज आम्ही दातांमधील फटीविषयी दोन शब्द बोलणार आहोत. फट असलेला माणूस भाग्यवान, असे काही लोक मानतात. उलट, फटीमुळे एखादी मुलगी तोंडावर हात धरून हसते, वर्गात उत्तर येत असूनही उभी राहत नाही. मित्रहो, फटीचा नशिबाशी संबंध नाही आणि ती लाजेची गोष्टही नाही. तिला कारण असते आणि कारणाप्रमाणे उपाय असतो.

प्रथम पालकांसाठी. सातव्या-आठव्या वर्षी वरचे पटाशीचे दात येतात, तेव्हा त्यांच्यात फट दिसते. घाबरू नये. साधारण 11-12 व्या वर्षी सुळे आले की ती बहुधा आपोआप मिटते. त्यानंतरही राहिली तर मात्र तपासणी करावी. जबड्याच्या मानाने दात लहान असणे, एखादा दात मुळातच नसणे, हाडात जादा दात अडकणे, वरच्या ओठाच्या आतील पडदा जाड असणे, अंगठा चोखणे, जिभेने दात पुढे ढकलणे ही त्याची कारणे होत. एक्स-रे काढल्याशिवाय काही कारणे कळत नाहीत.

आता उपचार पाहू. पहिला उपचार तारेचा. दात हळूहळू सरकवून फट मिटविली जाते. याला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. हल्ली पारदर्शक साचेही मिळतात, पण ते महाग असतात. तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन वापरावेच लागते, नाहीतर फट पुन्हा पडते. दुसरा उपचार, दाताच्या रंगाचे सिमेंट लावून दात रुंद करणे. हे काम बहुधा एका बैठकीत होते. मात्र काही वर्षांनी सिमेंटचा रंग बदलतो किंवा तुकडा उडतो. तिसरा, दातावर पातळ कवच किंवा कॅप बसविणे. त्यासाठी दात घासावा लागतो आणि घासलेला दात परत येत नाही. म्हणून तरुणांनी घाई करू नये. ओठाचा पडदा कारण असेल तर छोटी शस्त्रक्रिया करतात, तीही बहुधा तारेने फट मिटविल्यानंतर.

आता सर्वात महत्त्वाचे. पूर्वी नसलेली फट पस्तिशी-चाळिशीत पडू लागली, तर तो दिसण्याचा प्रश्न नसून आजाराची खूण असू शकते. हिरड्यांच्या रोगाने आतले हाड झिजते आणि दात सरकतात. तंबाखू आणि मधुमेह या रोगाला हातभार लावतात. मिश्रीने दात मजबूत होतात हा भ्रम आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. अशा वेळी आधी कीटण काढून हिरड्यांवर उपचार झाले पाहिजेत. रोग तसाच ठेवून वरून फट बुजविली तर दातच जाईल.

आणखी एक इशारा. काही मुले स्वतःच दातांना रबर बांधतात. ते रबर हिरडीत शिरून हाड खाते आणि चांगले दात गळून पडतात. तसेच, रस्त्याच्या कडेला दात बसवून घेणे टाळावे. नोंदणी असलेल्या डॉक्टरकडेच जावे.

खर्चाची चिंता आम्ही जाणतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबईचे नायर दंत रुग्णालय येथे उपचार खाजगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. खेपा जास्त होतात, रांग असते; पण उपचार शिक्षकांच्या देखरेखीखाली होतात.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आरशात आपले दात पाहावेत आणि आई-वडिलांच्याही दातांची विचारपूस करावी, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.