नळाच्या चावीचें वतन होऊं देऊं नका
(ग्रामसभेपुढें केलेलें भाषण)



आज गांवची पाणीपुरवठा समिती नव्यानें निवडावयाची आहे. नांवें पुकारण्यापूर्वीं एका गोष्टीचा विचार करा. हें काम एकाच माणसानें किती वर्षें करावें?

वतनदारी म्हणजे काय हें आपल्या वाडवडिलांनीं सोसलें आहे. दप्तर कुळकर्ण्याच्या घरांत, अक्षर त्यालाच कळे, शेतकऱ्यानें नुसता अंगठा उठवावा. शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांत कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले. महाराष्ट्र सरकारनें १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटिलकीचें वतन बंद केलें. वतनें गेलीं, पण वतनदारीची खोड गेली काय?

समितीचें काम बिनपगारी आहे, म्हणून त्यांत लोभ नाहीं असें समजूं नका. कोणत्या आळीला पाणी आधीं सुटावें, कोणाची पाणीपट्टी थकली तरी चालावी, मोटार कोणाकडून दुरुस्त व्हावी, हें ज्याच्या हातीं, त्याच्यापुढें गांव वांकतो. पंधरा वर्षें तें एकाच हातीं राहिलें, कीं वही त्याच्या ट्रंकेंत, चावी त्याच्या कमरेला, आणि शेवटच्या आळीची बाई रिकामी घागर घेऊन उभी.

कोणी म्हणतील, नको असेल तर लोक त्याला निवडणार नाहींत. अहो, ज्याच्या हातीं आपलें पाणी, त्याच्याविरुद्ध भर सभेंत हात वर करणें गरीब कुंभाराला किंवा एकट्या विधवेला परवडतें काय?

कोणी म्हणतील, दुसरा जाणता माणूस नाहीं. पंधरा वर्षांत दुसरा तयार झाला नाहीं, हा दोष कोणाचा? मी शाळामास्तर आहें. मुलांना जन्मभर चौथींतच बसविणाऱ्या मास्तराला कोणी हुशार म्हणत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. मूल शाळेंतून गेलें कीं तो पालक जातो, दुसरा येतो. म्हणून शाळेला कुलूप लागलें नाहीं.

सहकारी बँकेच्या संचालकांनाही कायद्यानें मर्यादा घातली आहे. पूर्वीं ती लागोपाठ आठ वर्षांची होती, १ ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षांची झाली. पैशाच्या पेटीला जो नियम, तो पाण्याच्या टाकीला कां नसावा?

तेव्हां मी चार गोष्टी सुचवितों. एक, लागोपाठ दोन मुदतींपेक्षां अधिक कोणीही राहूं नये. दोन, उतरणाऱ्याच्या जागीं लगेच त्याच्याच घरचा माणूस बसवूं नये, नाहीं तर वतन मागल्या दारानें परत येईल. तीन, सगळे सभासद एकदम बदलूं नयेत. निम्मे आज, निम्मे पुढें बदलावे, म्हणजे जुना माणूस नव्याला व्हॉल्व्ह, मोटार आणि जमाखर्च शिकवील. चार, वही दर तीन महिन्यांनीं चावडीवर मोठ्यानें वाचावी.

आणि जो उतरेल त्याचा अपमान करूं नका. त्यानें उन्हातान्हांत पाइप जोडले आहेत. त्याला नारळ द्या, पण तो मानाचा द्या, शालीसकट द्या. चावी मात्र दुसऱ्याच्या हातीं द्या. आणि या खेपेस ती शेवटच्या आळींतील एखाद्या बाईच्या हातीं देऊन पाहा. पाणी कुठवर पोंचत नाहीं, हें तिच्याइतकें कोणालाच ठाऊक नाहीं.