चोरवाटेची हवा

सकाळीं कामावर निघण्याच्या घाईंत गाडी सुरू करावी, तर ती सुरू होते. पण दारांत उभी असतांनाच थरथरूं लागते, मध्येंच दम टाकते आणि फाटकाशीं येऊन बंद पडते. हमरस्त्याला लागल्यावर मात्र तीच गाडी सरळ धांवते. जुनी मोटार बाळगणाऱ्या पुष्कळ श्रोत्यांना हा अनुभव परिचित असेल. अशा वेळीं मालक कार्बोरेटरला दोष देतो, कारागीर त्याच्या स्क्रूला पीळ देतो, आणि चार दिवसांनीं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होय. खरा चोर पुष्कळदां इंजिनांत आडवाटेनें शिरणारी हवा हा असतो.

ही हवा कां शिरते हें समजण्यासाठीं इंजिनाचा श्वास कसा चालतो तें पाहिलें पाहिजे. पिस्टन खालीं उतरतो तेव्हां सिलिंडरांत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा कार्बोरेटरमधून, पेट्रोलचे कण बरोबर घेऊन, आंत ओढली जाते. वजनानें सुमारें १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल, हें मिश्रण नीट जळतें. इंजिन मंद चालत असतांना कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळें तिच्या पलीकडच्या मॅनिफोल्डमध्यें हवेचा दाब फार उतरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारें ३० इंच पाऱ्याइतका असतो. धडधाकट इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील दाब त्याहून १७ ते २१ इंचांनीं कमी भरतो. एवढी ओढ असल्यावर केसाएवढी फटही पुरते. तिच्यांतून येणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल नसतें; म्हणून मिश्रण विरळ होतें आणि इंजिन अडखळतें. झडप उघडून वेग वाढविला म्हणजे ओढ कमी होते, आणि राजमार्गानें येणारी हवा इतकी वाढते कीं, चोरवाटेच्या हवेचें तिच्यापुढें कांहीं चालत नाहीं. उभ्या गाडीचा हट्ट आणि धांवत्या गाडीचा शहाणपणा यांचें कोडें असें उलगडतें.

उदाहरणादाखल सर्वांच्या ओळखीची अँबॅसडर घ्यावी. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथें तिचें उत्पादन २०१४ पर्यंत चालू होतें. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा आंत नेणारा आणि जळका धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूस असतात. त्यांचें गॅस्केट एकच असतें, आणि कांहीं नटांखालचीं जाड वॉशरें दोघांच्याही कडा एकदम दाबून धरतात. एक मॅनिफोल्ड अतिशय तापतो, दुसरा त्या मानानें कमी. एखादी कड वांकली किंवा झिजली कीं वॉशर तिरपें बसतें आणि फट पडते. शिवाय चार सिलिंडरांना मिळून हवा घेण्याचीं द्वारें दोनच; म्हणून एका द्वाराशीं हवा शिरली कीं शेजारचे दोन सिलिंडर एकदम पेट्रोलला पारखे होतात. प्लग काढून पाहिल्यावर शेजारच्या दोहोंचीं टोकें पांढरट आणि उरलेल्या दोहोंचीं काळसर दिसलीं, तर शोध कोणीकडे घ्यावा हें तेथेंच कळतें.

शोधाला क्रम हवा. प्रथम इंजिन गरम झाल्यावर चोक किंचित ओढावा. थरथर कमी झाली, तर मिश्रण विरळ आहे एवढें ठरलें. मात्र कार्बोरेटरांतील कचऱ्यानेंही असें होत असल्यामुळें लगेच निकाल देऊं नये. नंतर मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्या एकेक करून दाबाव्या. वर्षानुवर्षें उष्णता सोसून रबर कडक होतें आणि टोकाशीं तडकतें. जी नळी दाबतांच इंजिन सांवरतें, तिच्यांत किंवा तिच्या पलीकडे दोष आहे असें समजावें. नळ्या निर्दोष ठरल्या, तर कार्बोरेटरचा तळ, झडपेच्या दांड्याचीं दोन्ही टोकें आणि शेवटीं मॅनिफोल्डचा सांधा, या क्रमानें तपास करावा. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर बुडबुड्यांवरून सांपडतें. येथें बुडबुडे पाहणें व्यर्थ, कारण हवा बाहेर येत नसून आंत जात असते. त्याऐवजीं तेलाच्या कुपीनें सांध्यावर जाड इंजिनतेलाचा एकेक थेंब सोडावा. जेथें फट असेल तेथें तेल ओढलें जाऊन ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

कित्येक जण तेलाऐवजीं पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडतात. अँबॅसडरमध्यें तापलेला धुराचा मॅनिफोल्ड अगदीं लगतच असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा शोध नसून आगीला आमंत्रण आहे, हें निराळें सांगावयास नको. तपास मोकळ्या जागेंत करावा. बंद गॅरेजमध्यें सांचणारा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाहीं. पदर, ओढणी आणि सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्या.

ओढ मोजणारा गेज लावल्यास निदानास मदत होते. परंतु तो रोग दाखवितो, जागा दाखवीत नाहीं. कांटा स्थिर पण खालीं असेल, तर हवा शिरत असेल किंवा ठिणगी उशिरा पडत असेल. कांटा ठराविक अंतरानें झटका देत असेल, तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. उंचीचाही हिशेब धरावा लागतो. दर हजार फुटांस सुमारें १ इंच घट होते. म्हणून सुमारें ४,५०० फूट उंचीच्या महाबळेश्वरीं कांटा ४ इंचांहून अधिक खालीं उतरला, तर इंजिन निकामी झालें असें मानूं नये.

ज्या गाड्यांच्या ब्रेकांस याच ओढीचें साहाय्य दिलेलें असतें, त्यांत ही फट केवळ गैरसोयीची बाब राहत नाहीं. इंजिन बंद ठेवून ब्रेकचें पेडल चारपांच वेळां दाबावें, त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित खालीं गेलें पाहिजे. तें न गेल्यास दुरुस्तीपूर्वीं गाडी रस्त्यावर नेऊं नये.

मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढविलें, कीं गाडी कांहीं दिवस शांत होते. पण फट होती तेथेंच राहते. निर्दोष सिलिंडरांना नको तितकें पेट्रोल मिळून त्यांच्या भिंतींवरचें तेल धुऊन जातें. सदोष सिलिंडरांत विरळ मिश्रण जळून व्हॉल्व्ह करपण्याची भीति राहते. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळलें जातें. त्यानें जुन्या गाडींतील मिश्रण मुळांतच थोडें विरळ होतें, म्हणून पूर्वीं खपून जाणारी फट आतां जाणवूं लागते.

यास्तव आधीं फट बुजवावी, स्क्रूला हात नंतर लावावा. इंजिन थंड असतांना मॅनिफोल्ड उतरवावा, त्याच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून ती सपाट आहे कीं नाहीं हें पाहावें, नवें गॅस्केट घालावें, आणि नट मधून बाहेरच्या बाजूस थोडेथोडे आवळावे. जोरानें आवळल्यास कड वांकते आणि नवी चोरवाट तयार होते. मग स्क्रू पूर्ववत् जुळवावा. ज्या नळीसाठीं सारें कार्बोरेटर बदलण्याची तयारी चालली होती, ती पुष्कळदां वीतभर लांबीची आणि थोड्या मोलाची निघते.