योबेलचे तीन प्रश्न



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पताका लागल्या आहेत. परंतु ‘ज्युबिली’ हा शब्द आला कोठून? त्याचें मूळ ‘योबेल’ या इब्री शब्दांत आहे. योबेल म्हणजे एडक्याचें शिंग. ५० व्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं तें फुंकावें, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी व दास झालेल्या इस्राएलानें मोकळें होऊन घरीं जावें, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे.

यहुदी लोक मोशेचीं पांच पुस्तकें ५४ भागांत वांटून दर शब्बाथास सभास्थानांत वाचितात व वर्षांत पुरीं करितात. योबेलचा भाग आला म्हणजे ते नुसतें ऐकून उठत नाहींत, प्रश्न करितात. प्रश्न करणें हा त्यांच्या मतें अविश्वास नव्हे, श्रवणाचाच भाग होय. आज आपणही त्यांच्याप्रमाणें तीन प्रश्न करूं.

पहिला प्रश्न, जमीन कोणाची? शास्त्र म्हणतें, ती देवाची. मनुष्य तेथें उपरा. म्हणून योबेलपर्यंत जितकीं पिकें निघावयाचीं, तितक्यांचीच किंमत घ्यावयाची. विकलें जाई तें पीक, शेत नव्हे. मग ज्या हातभर बांधापायीं आपल्यांत सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगणांत पाऊल टाकीत नाहींत, तो बांध कोणाचा?

दुसरा प्रश्न शास्त्रानेंच लोकांच्या तोंडीं घातला आहे. दर सातव्या वर्षीं शेत पडीत ठेवावयाचें, तर खावयाचें काय? सहाव्या वर्षीं तीन वर्षांपुरतें पिकेल, असें देवाचें अभिवचन आहे. त्यावर भरंवसा ठेवणें सोपें नाहीं. पण जो देव वर्षाची विश्रांति सांगतो, तोच आठवड्याचीही सांगतो. आणि ती पाळणारे लोक आपल्या कोंकणांत होऊन गेले. बेने इस्राएल लोक तेथें तेल गाळीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. इब्री विद्या त्यांच्यांत लोपली होती. शब्बाथ लोपला नव्हता. मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान सामुएल एझेकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं उभारिलें. परंतु त्याच्या कितीतरी आधीं तो बंद घाणाच त्यांचें सभास्थान होता. हातावर पोट असलेल्या तेल्यानें एका दिवसाची कमाई सोडली. आपण मजुरास रविवारीं कामावर कां बोलावितों?

तिसरा प्रश्न कठीण आहे. सातव्या वर्षाअखेर कर्ज माफ करावें, असें अनुवाद ग्रंथांत आहे. तें वर्ष जवळ आलें कीं सावकार हात आंखडीत. नडलेल्यास कोणी दारांत उभें करीना. तेव्हां हिल्लेल नांवाच्या थोर शास्त्र्यानें ‘प्रोझबुल’ हा लेख काढिला. येणें न्यायसभेच्या स्वाधीन केलें, कीं तें बुडत नसे. हिल्लेलनें नियम मोडिला, कीं गरिबास वांचविलें? माझ्या मतें त्यानें गरिबास वांचविलें. परंतु असा लेख काढावा लागला, हा सावकाराच्या मनाचा पराभव होय. मिश्ना ग्रंथांत आणखी एक सुंदर रीत सांगितली आहे. सातव्या वर्षीं कर्जदार पैसे घेऊन आला, तर सावकारानें ‘मी माफ केलें’ असें म्हणावें. ‘तरीही घ्या’ असें तो म्हणाला, तरच घ्यावे. एकानें सोडावयास तयार असावें, दुसऱ्यानें फेडावयास.

नासरेथच्या सभास्थानांत प्रभु येशु वाचावयास उभे राहिले, तेव्हां त्यांनीं यशयाच्या पुस्तकांतून बंदिवानांच्या सुटकेचा व प्रभूच्या कृपावर्षाचा भाग वाचिला, आणि तो आजच पूर्ण झाला आहे, असें सांगितलें. तें ‘आज’ आपल्यासाठींही आहे. म्हणून प्रत्येक घरानें या वर्षीं एक तरी येणें सोडावें. मग तें पैशाचें असो, बांधाचें असो, कीं तुटलेल्या बोलण्याचें. भावाशीं समेट करितांना ज्यांस मध्यस्थ हवा असेल, त्यांनीं माझ्याकडे यावें. माझ्या घरीं कोर्टफी नाहीं. चहा मात्र दोघांनीं एकत्र बसून घ्यावा लागेल.