हृदयाचे बळ कसे मोजतात?



हृदय म्हणजे मुठीएवढी स्नायूंची पिशवी. दिवसाकाठी ती सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते. १८१६ साली लेनेक या फ्रेंच वैद्याने स्टेथॉस्कोप शोधून काढला आणि तिचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. परंतु कानाला ऐकू येतो तो मुख्यतः झडपा मिटण्याचा आवाज. स्नायू किती बळाने आकसतो हे जाणायचे, तर तो पाहावाच लागतो.

हे पाहणे साधले ते स्वीडनमधील लुंड गावी. एड्लर हे तेथील डॉक्टर आणि हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक. जहाजांच्या कारखान्यात धातूतील दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरीत असत. तसल्याच यंत्राने या दोघांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालींची नोंद केली. आज आपण ज्याला ‘इको’ म्हणतो, त्या तपासणीचा हा प्रारंभ. सेकंदाला वीस ते पन्नास लक्ष कंपने असलेला ध्वनी छातीत सोडावयाचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभे करावयाचे, हे तिचे तत्त्व.

चित्र दिसले, आता मोजमाप. हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या कप्प्यात, समजा १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्याला त्यातले ७२ बाहेर पडले, तर हे प्रमाण ६० टक्के झाले. यालाच ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात. कप्प्याचे आकारमान काढण्यासाठी तो भरलेला असताना आणि आकसलेला असताना त्याची कड दोन बाजूंच्या चित्रांत रेखावी लागते. मग नाण्यांच्या चवडीप्रमाणे त्याच्या वीस चकत्या कल्पून त्यांची बेरीज करतात. अडचण आहे ती कड रेखण्यात. चित्र धूसर, कड पुसट. त्यामुळे दोन जाणकारांच्या रेघा जुळत नाहीत, आणि एकाच जाणकाराची आजची रेघ उद्या तशीच येईल असेही नाही.

हा फरक क्षुल्लक नव्हे. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधे हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. अशा रोग्याचे प्रमाण दहा अंकांनी उतरून पन्नासाखाली गेले, की औषध चालू ठेवावे की थांबवावे, असा बिकट प्रश्न उभा राहतो. ही उतार खरी हृदयाची की केवळ रेघ ओढणाऱ्या हाताची, यावर त्या रोग्याचे पुष्कळ काही अवलंबून असते.

येथे गणकयंत्र साहाय्यास येते. ते कड स्वतः रेखते आणि तेच चित्र पुन्हा दिले, तर तेच उत्तर देते. शिवाय स्नायूच्या चित्रातील बारीक ठिपक्यांची नक्षी ते एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत हुडकीत जाते आणि स्नायू लांबीत किती आखडला ते सांगते. निरोगी हृदयात हे आखडणे सुमारे २० टक्के असते. पुष्कळदा इजेक्शन फ्रॅक्शन उतरण्यापूर्वीच ते कमी झालेले आढळते.

२०२३ साली अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ३,४९५ तपासण्यांचे पहिले मोजमाप काही ठिकाणी यंत्राने, तर काही ठिकाणी तंत्रज्ञाने केले. कोणते कोणाचे, हे अखेरचा निर्णय देणाऱ्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. डॉक्टरांना मोठी दुरुस्ती करावी लागली ती यंत्राच्या बाबतीत शेकडा सुमारे १७ ठिकाणी आणि तंत्रज्ञाच्या बाबतीत शेकडा २७ ठिकाणी.

म्हणून यंत्रावर सर्व भार टाकावा काय? तसे करता येत नाही. ध्वनीचा झोत तिरपा पडला, तर जवनिकेचे टोक चित्रातून सुटते आणि कप्पा आखूड दिसतो. यंत्र त्या आखूड कप्प्याचेच चोख माप देते. ठोके अनियमित असतील, तर एका ठोक्यावरून केलेले अनुमान फसवे ठरते. रोग्याला धाप लागते का, पायांना सूज आहे का, हे यंत्राला ठाऊक नसते. ते विचारावयाचे आणि त्याचा मेळ आकड्याशी घालावयाचा, हे काम डॉक्टरांचेच.

रोग्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. गेल्या खेपेचे ६० या खेपेस ५७ झाले, एवढ्याने घाबरून जाऊ नये. जुने अहवाल मात्र जपून ठेवावेत, आणि शक्य तर पुढील तपासणी त्याच पद्धतीने करवून घ्यावी. मापे एकाच पद्धतीची असली, म्हणजे त्यांतील फरकाला अर्थ येतो.