कंट्रोलर जळतो, पण दोष कोणाचा?



आजचा विषय साधा आहे, पण रोजीरोटीचा आहे. आपल्या जिल्ह्यातील शहरांत आता बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर दिसू लागल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि भर दुपारी सवारी घेऊन निघालेली एखादी रिक्षा बंद पडते. कंट्रोलरच्या पेटीला हात लावावा तर चटका बसतो. ‘कंट्रोलर गेला’ म्हणून नवा बसवला जातो. काही दिवसांत तोही जळतो. पैसे दोनदा जातात, कमाई बुडते आणि मूळ दोष गाडीतच राहतो.

हा कंट्रोलर करतो तरी काय? या मोटरीला कार्बन ब्रश नसतात. बॅटरीची वीज तीन जाड तारांतून पाळीपाळीने मोटरीत सोडण्याचे काम कंट्रोलरमधील मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच करतात. दहावीचे विद्यार्थी जाणतात की, तारेतील उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 48 व्होल्टच्या बॅटरीवर 1000 वॉटचे काम म्हणजे सुमारे 21 अँपिअर. जादा सवाऱ्यांमुळे ते 42 झाले, तर तारांतील व जोडांतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते! मलकापूरहून बुलढाण्यास येताना राजूर घाटात स्कूटर मध्येच थांबवून पुन्हा एकदम पिळली, तर ताण आणखी वाढतो. कारण थांबलेली मोटर धारेला विरोध करणारा दाब निर्माण करीत नाही.

म्हणून नवा कंट्रोलर घेण्यापूर्वी क्रमाने तपासा. टायरमध्ये हवा पुरेशी आहे काय? ब्रेक घासतो काय? कंट्रोलरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चिखल बसला आहे काय? त्यावर पोते किंवा डबा ठेवून वारा अडवला आहे काय? तीन तारांचे जोड सैल किंवा काळे पडले आहेत काय? सैल जोड स्वतः तापतो आणि शेजाऱ्यालाही तापवतो.

आता चाकाची परीक्षा. मुख्य स्विच बंद करून बॅटरी सोडवा आणि काही मिनिटे थांबा, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. रिक्षाचे मागील एकच चाक उचला. दुसरे जमिनीवर ठेवून त्याला दगड लावा. उचललेले चाक हाताने फिरवा. ते जड, अडखळत फिरत असेल, तर तिन्ही तारा कंट्रोलरपासून सोडवून टोके वेगळी ठेवा आणि पुन्हा फिरवा. आता चाक मोकळे झाले, तर कंट्रोलरमधील मॉसफेट शॉर्ट झालेले असावेत. तरीही जड राहिले, तर दोष ब्रेक, बेअरिंग किंवा मोटरीच्या वाइंडिंगमध्ये शोधा. अशा मोटरीवर नवा कंट्रोलर बसवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय.

जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. त्याने पहारेकरीच दूर होतो.

विद्यार्थी मित्रहो, भाग बदलणारे पुष्कळ आहेत; कारण शोधणारे थोडे. पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, हाती एक साधा मल्टिमीटर द्या आणि ‘असे का?’ हा प्रश्न विचारू द्या. पुस्तकातील सूत्र ज्या दिवशी शेजाऱ्याची बुडती कमाई वाचवील, त्या दिवशी शिक्षण घरापर्यंत पोहोचले असे समजावे.