सही म्हणजे कबुली नव्हे



इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक संमेलनात अध्यक्षाने मुलांच्या मराठीबद्दल बोलावं, अशी रीत आहे. तो विषय मला प्रिय आहे, पण आज तो बाजूला ठेवतो. या सभागृहात अशी काही माणसं बसली आहेत, ज्यांच्या घरात गेली कित्येक वर्षं दारात पडणाऱ्या करखात्याच्या तपकिरी पाकिटाची धास्ती आहे. शेजारच्या खुर्चीतल्या मित्रालाही त्यांनी ते सांगितलेलं नाही. त्यांच्यातला एक मी आहे, हे आधी सांगून टाकतो. मला लोन चार्ज, म्हणजे पगाराऐवजी घेतलेल्या कर्जांवरचा कर, लागला. मी २०२० च्या सप्टेंबरात करखात्याच्या करारनाम्यावर सही करून प्रकरण मिटवलं आणि त्यासाठी डोंबिवलीचा फ्लॅट विकला.

२०११ मध्ये कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा माझ्या हाती एका अम्ब्रेला कंपनीचं माहितीपत्रक आलं. पगार किमान वेतनाच्या आसपास आणि बाकीची रक्कम एका ट्रस्टकडून ‘कर्ज’ म्हणून. सोबत बॅरिस्टरचा अभिप्राय जोडलेला. करखात्याने या योजनेला दिलेला क्रमांक मी दरवर्षी माझ्या रिटर्नमध्ये स्वतः लिहिला. फेडायचं नसलेलं कर्ज हे कसलं कर्ज, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. तो विचारला नाही, ही माझी चूक. ती मी मान्य करतो आणि त्या वर्षांचा योग्य कर भरायला माझी ना नव्हती.

पण झालं काय ते ऐका. २०१६ च्या अर्थसंकल्पात लोन चार्जची घोषणा झाली, २०१७ मध्ये कायदा झाला आणि ५ एप्रिल २०१९ रोजी तो लागू झाला. न फेडलेली सगळी कर्जं, पार ६ एप्रिल १९९९ पासूनची, एकाच वर्षाचं उत्पन्न धरली गेली. दरवर्षी मध्यम कमाई करणारा माणूस कागदावर एका वर्षात श्रीमंत झाला आणि ४५ टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन बसला. या देशात जुनं वर्ष उघडायला साधारणपणे चार वर्षांची मुदत असते, हलगर्जी असेल तर सहा आणि जाणूनबुजून लबाडी असेल तर वीस. लोन चार्जने या मुदतींना वळसा घातला. हा पूर्वलक्षी कर नाही असं मंत्री सांगत राहिले. मी त्याला पूर्वलक्षीच म्हणतो. सरकारनेच नेमलेल्या सर एमियस मोर्स यांच्या अहवालानंतर, २०१९ च्या डिसेंबरात, ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जं वगळावी लागली. अकरा वर्षं एका फटक्यात खोडली गेली. कायदा निर्दोष असता तर ती खोडावी का लागली?

२०१७ मध्ये रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा ट्रस्टमधला पैसा म्हणजे पगारच, असा निकाल दिला. तो मला मान्य आहे. पण पगारावरचा कर कापून भरण्याची जबाबदारी मालकाची असते, हाही त्याच निकालाचा गाभा. आमच्या प्रकरणांत कंपनी गुंडाळून मालक निघून गेले आणि बिल आमच्या दारात आलं. योजना विकणाऱ्यांनी आमच्याकडून घेतलेल्या फीला या कायद्याने हात लावलेला नाही.

आपल्या देशाचं उदाहरण आठवा. २०१२ च्या जानेवारीत व्होडाफोन कंपनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात करखात्याविरुद्ध जिंकली. त्याच वर्षी भारत सरकारने करकायद्यात थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली. त्या कंपनीला आंतरराष्ट्रीय लवादाचं दार उघडं होतं. रेडिंगला दोन मुलं घेऊन भाड्याने राहणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला कुठलं दार आहे?

आता आपल्याच लोकांशी भांडतो. जेवणाच्या पंगतीत मी दोन वाक्यं ऐकली आहेत. लढणाऱ्याबद्दल, ‘हाव होती, आता भोगा.’ सही करणाऱ्याबद्दल, ‘गुन्हा कबूल केलाच ना?’ दोन्ही वाक्यं मला संतापजनक वाटतात. माणूस सही का करतो, ते ऐका. २०१८ च्या सुमारास करातल्या तफावतींवर बोट ठेवून कित्येक कुशल स्थलांतरितांना कायम वास्तव्य नाकारलं गेलं. ती पद्धत अन्यायाची होती, हे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. तोवर भीती घराघरात शिरली होती. मी सही केली तेव्हा माझा नागरिकत्वाचा अर्ज व्हायचा होता. माझी सही त्या भीतीची होती. लोन चार्ज लागलेल्यांपैकी दहा जणांनी आत्महत्या केल्याचं करखात्याने स्वतः मान्य केलं आहे. यापुढे पंगतीत बोलताना तो आकडा लक्षात ठेवा.

मिटवायचं की लढायचं, हे दुसऱ्याच्या हिमतीवर ठरवू नका, स्वतःच्या कागदांवर ठरवा. कोणत्या वर्षाची चौकशी वेळेत उघडली होती? रिटर्नमध्ये योजनेची पुरेशी माहिती दिली होती का? दिली असेल आणि खात्याने वेळेत हालचाल केली नसेल, तर मोर्स यांच्या अहवालानंतर ६ एप्रिल २०१६ पूर्वीची ती वर्षं सुटतात. मिटवताना करारनामा शब्दन् शब्द वाचा. कर भरला म्हणजे मूळ कर्ज मिटलं असं होत नाही. ट्रस्टने ती कर्जं तिसऱ्याला विकली आणि त्याने परतफेडीची नोटीस धाडली, असं अनेकांच्या बाबतीत घडलं आहे. हे मला सहीच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारलं. रे मॅकॅन यांनी लोन चार्जच्या केलेल्या नव्या पाहणीनंतर २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने थकबाकीदारांसाठी नव्या, सौम्य अटी जाहीर केल्या. न मिटवता थांबलेल्यांना सवलत मिळणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांनी मिटवून सगळे पैसे भरले, त्यांचा विचार या पाहणीच्या कक्षेतच नव्हता. ज्याने आधी ऐकलं, त्याला जास्त शिक्षा! हे मी मान्य करणार नाही.

चहाच्या वेळी मी डाव्या हाताच्या छोट्या खोलीत बसणार आहे. ज्यांनी भरले आणि जे लढताहेत, दोघांनीही या. आपापल्या खासदाराला पाठवायचं पत्र आपण आजच, एकाच टेबलावर लिहू. घरी अजून सांगितलं नसेल, तर आधी बायकोला, नवऱ्याला सांगा आणि त्यांनाही सोबत घेऊन या.